जोहार भरला, जय भीम गाळला

“बाबा, जरा वाकून म्हणा. पूर्वी म्हणायचात तसंच.”

सरांनी टेपरेकॉर्डरचा माईक माझ्या बापाच्या, आबाच्या तोंडापुढं धरला. आमच्या गावी झरीला, आमच्याच दारात. मी बाजूला उभी. विद्यापीठात सरांच्या हाताखाली नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं.

काम शब्दांचं होतं. जुन्या पुस्तकांतली आणि परभणीकडच्या गावांतली भाषा कॉम्प्युटरमध्ये भरायची. कोणत्या शब्दाचा अर्थ कुठं कसा बदलला, ते मशीन शोधणार. भरायचं काम माझं. सरांना ‘जोहार’ हवा होता. महारानं पाटलापुढं वाकून घालायचा नमस्कार.

आबा म्हणाला, “सायेब, तो शब्द आमी सोडला. बौद्ध झालो तवाच. आता जय भीम म्हंतो.”

“ते कळलं हो. पण शास्त्रासाठी, एकदाच.”

आबानं माझ्याकडं पाहिलं. नामांतराच्या जाळपोळीत घर गेलं, तेव्हाही हा माणूस कुणाच्या पाया पडला नव्हता. माझी नोकरी दिसली असंल त्याला. तो कमरेत वाकला.

“जोहार, मायबाप.”

“वा. अस्सल,” सर म्हणाले.

मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सरांनी लिहून दिलेलं भरायला बसले. जोहार : आजही वापरात. जय भीम कुठंच नाही. विचारलं.

“ती घोषणा आहे. बोली नव्हे. गाळा.”

मशीनला काय कळतंय? आपण भरू तेच त्याचं खरं. उद्या ते सांगणार, झरीची माणसं अजून जोहार घालतात. पुरावा माझा बाप.

“सर, माझा बाप दिवसभर जय भीम म्हणतो. जोहार तुम्ही म्हणायला लावला. मी हे राहू देणार नाही.”

“मग उद्यापासून येऊ नका.”

त्यांच्यादेखत जोहारची भरलेली ओळ पुसली. उठले.

घरी आबाला सांगितलं. तो म्हणाला, “मंग मी उगंच म्हनलो गं बाई.”

आज आबा हयात नाही. त्याचा आवाज मात्र कुण्या कपाटात टेपवर पडून असंल, वाकलेला.

आमचा कोणता शब्द मेला, कोणता जगला, हे आता आम्ही सांगणार. ज्याला ऐकायचंय त्यानं आमच्यापुढं खाली बसावं आणि ऐकावं.