दफेदारांची मुनिया

"अपनेला काय लागतं?" असं म्हणून दफेदार दोन्ही पंजे उताणे करून दाखवायचे. लागत असतं तर तिथंच दिसलं असतं, अशा थाटात. तिळगूळ नेला, अपनेला काय लागतं. तापात पेज नेली, अपनेला काय लागतं. पेज मात्र चाटूनपुसून खायचे आणि वाटी घासून परत आणून द्यायचे. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याचा राग येतो. मलाही यायचा.

महाराजांच्या पागेत ते दफेदार होते. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य झालं, पागा मोडली, घोडे लिलावात गेले. त्यांचा घोडा एका टांगेवाल्यानं घेतला. तो टांगा लांबून दिसला की दफेदार रस्ता बदलायचे. "मला बघून घोडा उभा राहतो. सवारी खोळंबते," एवढंच एकदा म्हणाले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. कृष्णपुऱ्याच्या आमच्या गल्लीत माझ्या दारासमोर त्यांची एक खोली. खुंटीवर खाकी डगला आणि दाराच्या चौकटीला पिंजरा.

पिंजऱ्यात लाल मुनिया. अंगठ्याएवढं पाखरू, अंगावर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके. नदीकाठच्या राजघराण्याच्या समाध्यांपाशी, छत्र्यांपाशी, पाखरंवाला बसायचा, त्याच्याकडून आणलेली. हा धिप्पाड माणूस उकिडवा बसून तिच्यासाठी कांगणीच्या बारीक दाण्यांतले खडे वेचायचा. पोरं ओरडली की ओठांवर बोट. "हळू रे भिया, बाईसाहेब बोलताहेत."

मी एकदा म्हटलं, "दफेदारसाहेब, त्यापेक्षा एखादी बायको करा."

"बायकोला लुगडं लागतं. हिला चिमूटभर कांगणी."

"म्हणजे तुम्हाला कुणीतरी लागतंच की!"

त्या दिवशी पंजे उताणे झाले नाहीत.

मी बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायचे. बाळाला तेल, पाणी, शेक, धुरी. माझ्या हाताला गुण आहे असं बायका म्हणत आणि मीही म्हणायचे.

पौषातली सकाळ होती. कामावर निघायचं म्हणून मी शेगडी पेटवत होते. दफेदार दारात उभे. डगल्याच्या आत काहीतरी धरलेलं. उघडलं तर पिंजरा.

"बाई, हिला बघा."

मुनिया तळाशी बसली होती. पिसं फुगलेली, डोळे मिटत होते, श्वासागणिक शेपटी हलत होती. आदल्या संध्याकाळपर्यंत तिची बडबड मी माझ्या चुलीपाशी ऐकलेली.

"मी पाखराचं काय बघू?"

"तुम्ही एवढीएवढी पोरं जगवता. घोडं असतं तर मी कुणाला विचारलं नसतं. घोड्याला ओंजळभर ओवा. हिला किती, ते मला मोजता येईना." मग पिंजरा माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "वाचवा हिला."

कधी कुणाकडं काही न मागितलेला माणूस माझ्याकडं मागत होता. खरं सांगते, मला बरं वाटलं.

पिंजरा शेगडीजवळ ठेवला, तीन बाजूंनी घोंगडी लावली. थोड्या वेळानं पिसं खाली बसली. एक डोळा उघडला. दफेदारांनी दाणा पुढं केला, तिनं चोच लावली. अगदी बारीक आवाज काढला. दफेदार हसले. त्यांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

तिथं थांबायला हवं होतं. पण शेकामागून धुरी, ही माझ्या हाताची सवय. ओवा, वावडिंग, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकली आणि घोंगडी वरून ओढून घेतली.

"बाई, धूर जास्त नाही ना होत?"

"अर्धी गल्ली माझ्या धुरीवर वाढली आहे, दफेदारसाहेब. तुम्ही तुमचे घोडे सांभाळा."

घोडे राहिले नव्हते, हे बोलून गेल्यावर आठवलं. ते शेगडीपासून मागं सरकले.

घोंगडी उचलली तेव्हा मुनिया उताणी पडली होती. पाय आखडलेले.

त्यांनी तिला पंजावर घेतलं. तोच पंजा, काही लागत नाही म्हणून दाखवायचे तो. अंगठ्यानं तिची पिसं सारखी केली. मग म्हणाले, "तुम्ही केलंत तेवढं कुणी केलं नसतं, बाई." आणि रिकामा पिंजरा उचलून गेले.

दोन दिवसांनी मी पाखरंवाल्याकडं गेले. दुसरी आणून टांगावी, विषय संपवावा, असा माझा हिशोब. तो म्हणाला, "पहली वाली कैसे मरी?" मी सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. "अरे बाई, लाल को धुआँ? दो साँस में खतम! सेंक देके छोड़ देते, बच जाता."

मी तशीच परत आले.

सांगायचं ठरवून त्यांच्या दारात किती वेळा गेले. एकदा तोंड उघडलंही. "दफेदारसाहेब, त्या सकाळी..."

"हौ, थंडी फार होती," म्हणाले आणि आत वळले.

गल्लीतली पोरं काही दिवस सवयीनं हळू बोलली. मग ओरडायला लागली. कुणी ओठांवर बोट ठेवलं नाही.

पुढच्या पौषात त्यांनी अंथरूण धरलं. छाती भरलेली, श्वास वाजत होता. मी शेगडी घेऊन गेले, खाटेखाली सरकवली आणि पदराची गाठ सोडायला लागले. गाठीत ओवा होता. डोळे न उघडता त्यांनी माझं मनगट धरलं.

"शेक राहू द्या, बाई. धूर नको."

जन्म पागेत काढलेला माणूस. धूर कोंडला की जनावराचं काय होतं, हे त्यांना मी शिकवणार होते? त्यांनी मला विचारलं होतं. मी त्यांना गप्प केलं होतं. आणि त्यानंतर वर्षभर ते माझी वाटी घासून परत देत राहिले.

निदान तेव्हा तरी बोलायचं. मी विचारलं काय, तर "पेज आणू?"

त्यांनी पंजा उताणा करायला घेतला, तो अर्ध्यातच पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

धुरी द्यायचं मी सोडलं नाही. पोट त्यावर होतं. फक्त दार सताड उघडं ठेवायला लागले. बाळंतिणी कुरकुरायच्या, "मावशी, थंडी आत येते आहे."

येऊ दे, म्हणायचे.