कोरडी पाकळी

आज सुताराने नव्या दाराला रोगण लावले आणि जवसाच्या तेलाचा वास घरभर पसरला. त्या वासासरशी मी तीस वर्षे मागे, गुंद गावातल्या आमच्या देवळात जाऊन उभा राहिलो.

थोरल्या भावाने, अण्णाने, सुप्याच्या वाटेवर भाड्याने चालवण्यासाठी जुनी मोटार घेतली होती. तिला रंग मी द्यावा, की खानापुराहून काम मागत चालत आलेल्या भीमू रंगाऱ्याने, यावरून आमचा दोन दिवस वाद चालला होता.

"बैलगाडी रंगवलीस म्हणून मोटार जमती व्हय?" अण्णा म्हणाला. अखेर देवाला कौल लावायचे, म्हणजे मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओली पाकळी चिकटवून कोणती आधी गळते ते पाहायचे ठरले. उजवी पाकळी आधी पडली तर मी, डावी पडली तर भीमू.

गुरवाच्या हाती ओल्या पाकळ्या देण्याचे काम माझ्याकडे होते. उजवी मी हळूच धोतराला पुसली. दोन्ही मूर्तीला चिकटल्या. पावसाळ्याआधी भीमूला मिळण्याजोगे ते शेवटचे काम होते. डाव्या पाकळीवर नजर खिळवून तो हात जोडून उभा होता.

उजवी पडली.

"देवाची मर्जी," भीमू म्हणाला आणि पिशवी उचलता उचलता मलाच समजावू लागला, "धाकलं धनी, पयला हात वाळल्याबिगर दुसरा द्याचा न्हाई. रानातली हवा ओली हाय."

जवसाच्या तेलात कालवलेला रंग मी तसाच, वाळवून वाळवून दिला. मोटार सुरेख झाली.

"देवानंच तुझ्याकडनं करून घेतलं," अण्णा चारचौघांत म्हणाला. मी मान खाली घातली. लोकांना तो माझा विनय वाटला.