टाचेला काशाची वाटी

टाचदुखी एकटी येत नाही. तिच्यामागून औषधं येतात, औषधांमागून ती सांगणारे येतात, आणि प्रत्येक सांगणाऱ्यामागून एक फजिती येते. दुखणं कमी-जास्त होतं. फजित्या मात्र साठत जातात, आणि चार माणसं बसली की त्यातली एखादी आपोआप बाहेर पडते.

ज्यांची टाच अजून दुखलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा शिरतो. मग भिंत धरायची, जरा थांबायचं, दात आवळून चार पावलं टाकायची. त्यानंतर माणूस दिवसभर बरा दिसतो, म्हणून कुणाला खरं वाटत नाही.

बेळगावच्या वडगावात पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर आम्ही असे चौघं जमतो. आप्पा सरकारी बसचे निवृत्त ड्रायव्हर. मल्लाप्पा माझ्याच ऑफिसातला निवृत्त शिपाई. दत्तू विणकर, आमच्यात तेवढाच अजून कामाचा. घरात दोन पॉवरलूम, एकावर तो उभा, दुसऱ्यावर त्याची बायको पारू. आणि मी निवृत्त क्लार्क. पेपर अग्रलेखापासून वाचतो म्हणून कट्टा मला भाऊसाहेब म्हणतो आणि शहाणा समजतो. वाचून झालेला पेपर संध्याकाळी पाचला आप्पा घरी येऊन घेऊन जातात.

कट्ट्यावर कुणी काही मूर्खपणा केला की त्यावर एक वाक्य टाकायचं, ही माझी ड्यूटी. ते वाक्य मग दिवसभर वडगावात फिरतं. असं बोलणाऱ्या माणसाला स्वतः मूर्खपणा करायची सोय नसते. त्यामुळे टाचही बरी करायची आणि तोंडही शाबूत ठेवायचं, अशी माझी दुहेरी खटपट चालू आहे.

डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं होतं, "वजन कमी करा, पोटऱ्यांना ताण द्या, कडक फरशीवर अनवाणी चालू नका." इतका साधा उपाय कट्ट्याला पटणं शक्यच नव्हतं!

* * *

पहिलं औषध आप्पांनी आणलं. वीट तापवायची, तिच्यावर तेल लावलेलं रुईचं पान ठेवायचं आणि वर टाच टेकवायची.

मी म्हणालो, "आप्पा, वीट भिंतीला लावतात. टाचेला लावून माणूस पक्का होत नाही."

कट्टा हसला. वाक्य फिरलं.

त्याच दिवशी संध्याकाळी कापडी पिशवी घेऊन मी मागच्या गल्लीत गेलो. तिथं एका घराचं बांधकाम चालू आहे. आजूबाजूला कुणी नाही असं बघून विटांच्या ढिगाशी वाकलो. आता घ्यायचीच आहे तर चांगली घ्यावी, म्हणून दोन-चार वाजवून बघितल्या. हीच चूक झाली. आवाजानं गवंडी बाहेर आला.

माझ्या हातात वीट, खांद्याला पिशवी. सगळी नोकरी सचोटीनं केलेला माणूस मी!

गवंडी म्हणाला, "टाच व्हय, भाऊसाहेब?"

मी वीट पिशवीत सरकवली.

"मग एकच कशाला? सकाळी आप्पा दोन घिऊन गेल्यात. तुमच्या बी दोन हायत न्हवं?"

* * *

विटेनं आप्पांच्या टाचेला फोड आला, गुण आला नाही. आप्पांची सासुरवाडी निपाणीची, तंबाखूवाली. मेव्हण्यानं उपाय सांगितला आणि वर मालही पाठवला. तंबाखूचं पान भिजवायचं, एरंडेल लावून टाचेला बांधायचं, वर फडकं.

आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ. सासरे, मेव्हणे सगळे तंबाखूत, पण आप्पांनी कधी चिमूटसुद्धा तोंडात टाकली नाही, याचा त्यांना भारी अभिमान. त्यांनी दोन्ही पायांना चांगली जाड पानं बांधली आणि दुपारी आडवे झाले.

थोड्या वेळानं घर फिरायला लागलं. घाम सुटला, मळमळलं, उलट्या झाल्या. आम्ही रिक्षात घालून त्यांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी नाडी धरली आणि विचारलं, "तंबाखू किती खाता?"

आप्पा त्या अवस्थेतही उठून बसले. माळ पुढे काढून म्हणाले, "डॉक्टर! जल्मात तंबाखूला हात लावला न्हाय!"

डॉक्टरांनी फडकं सोडलं, वास घेतला आणि म्हणाले, "हात न्हाय हो. पाय लावलाय!"

* * *

पुढचं औषध मी पेपरात वाचलं, म्हणून ते शास्त्रीय. बाटलीत पाणी भरून फ्रीजरला ठेवायची आणि ती तळपायाखाली लाटण्यासारखी फिरवायची. मी रोज फिरवत होतो.

मे महिन्यात व्याही आले. उन्हातून आलेले. बायको घाईत होती. फ्रीजमध्ये हाताला लागली ती बाटली तिनं काढली आणि अर्धवट वितळलेलं पाणी पेल्यात ओतलं. मी बघत होतो. व्याह्यांनी पेला रिकामा केला, पुन्हा पुढे धरला.

"पाण्याला चव आहे हो तुमच्या बेळगावच्या!" ते म्हणाले.

मी मान हलवली.

* * *

मग पिरनवाडीकडं एक निसर्गोपचाराचं शिबिर भरलं. 'संपूर्ण शरीर, संपूर्ण मन' असा बोर्ड. पहाटेच्या दवात चालणं, चिखलाचा लेप, दुपारी मूग. मी आणि मल्लाप्पा गेलो. कट्ट्यावर सांगितलं, मूग खायला चाललोय.

तिथले गुरुजी पांढऱ्या कुर्त्यातले, आवाज मधासारखा. म्हणाले, "टाच हाडानं दुखत नाही. टाचेत राग साठतो. ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव घ्या आणि सोडून द्या."

सगळे गोल बसले. कुणी सासूचं नाव घेतलं, कुणी भावाचं. एका बाईंनी तर सगळ्या गल्लीचं घेतलं. मी म्हटलं, "माझा कुणावर राग नाही." गुरुजी माझ्याकडं बघून गोड हसले. मला जरा मोठं झाल्यासारखं वाटलं.

मल्लाप्पाची पाळी आली. तो कन्नड वळणाच्या मराठीत हळू बोलतो. म्हणाला, "राग न्हाय री. ह्ये आमचे साहेब." त्यानं माझ्याकडं हात केला. "चांगला माणूस. आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर. खाली चहा. ह्येंना दिवसातनं चार टायमाला चहा लागायचा, आनि गारसा चालायचा न्हाय. मी पळत जायचं, पळत यायचं."

गुरुजी म्हणाले, "म्हणजे राग साठलाय."

"न्हाय री," मल्लाप्पा म्हणाला. "जिना साठलाय."

परत येताना बसस्टँडवर चहा घ्यायचा होता. मी उठून आणला. मल्लाप्पानं घोट घेतला आणि म्हणाला, "गार हाय की, साहेब."

* * *

एवढं झाल्यावर मी डॉक्टरांचं ऐकायचं ठरवलं. खडेबाजारातून मऊ स्लीपर आणल्या आणि घरातसुद्धा घालायला लागलो. देवघरासमोर काढायच्या, पुढे गेलं की घालायच्या. इतक्या मऊ की पायात आहेत हे कळत नसे. तेच नडलं.

गणपतीत मल्लाप्पाच्या घरी आरतीला गेलो. डोळे मिटून, टाळ्या वाजवत, खणखणीत आवाजात आरती म्हटली. मधेच डोळे उघडले तर सगळे माझ्याकडं बघताहेत. मला वाटलं, आवाज लागला. पुढचं कडवं आणखी वर चढवलं.

आरती संपली. मल्लाप्पाची आई प्रसाद घेऊन आली. वय खूप, कंबर वाकलेली. त्यामुळे तिची नजर सरळ माझ्या पायावरच होती. माझ्या हातावर मोदक ठेवून ती समजुतीनं म्हणाली, "बाहेर काढून ठेवत जा, बाळा. भ्यायचं न्हाय. आमच्याकडं चप्पल चोरीला जात न्हाय."

* * *

आता वाटीचं.

काशाची वाटी बायकोला माहेरून मिळालेली. तळपायाला गाईचं तूप लावायचं आणि वाटी पालथी धरून घासायचं. घासून घासून तळवा काळा पडतो. बायको म्हणते, उष्णता बाहेर पडली. मी म्हणतो, काशाचा रंग उतरला. पण बरं वाटतं, हे खरं. रोज दुपारी मी खुर्चीत पेपर वाचत बसायचो आणि ती खाली बसून घासायची. झालं की भिंतीला धरून उठायची, जरा थांबायची, मग वाटी धुवायला जायची.

कट्ट्यावर हे मी अभिमानानं सांगितलं. कुणी हसलं नाही. उलट आप्पा म्हणाले, "नशीब लागतंय, भाऊसाहेब!"

दत्तू तेवढ्यावर घरी आला आणि वाटी मागून घेऊन गेला.

आठवडाभरानं आप्पा कट्ट्यावर आले ते फुटायच्या बेतात. माझ्याकडून पेपर घेऊन जाताना ते दत्तूच्या दारावरून जातात. दार उघडं होतं.

"बघितलं काय काल म्या! पारू खुर्चीवर, आन् ह्यो गडी खाली! तिचा पाय ह्याच्या मांडीवर, आन् हातात भाऊसाहेबांची वाटी!"

"अय्यय्यो!" मल्लाप्पा म्हणाला.

"बायकूच्या पायाला हात लावतोस व्हय रं? तिला पाप लागंल की!" आप्पा दत्तूकडं वळून म्हणाले.

दत्तू खाली बघून म्हणाला, "दुखतंय तिला, आप्पा. उभारता येईना झालंय. एक माग बंद पडलाय. वाटीनं जरा गुण हाय."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पण सगळे माझ्याकडं बघायला लागले. ड्यूटी!

मी म्हणालो, "चोळून झालं की पायाचं तीर्थ पण घेतोस काय रं, दत्तू?"

कट्टा फुटला. आप्पांना ठसका लागला. दत्तूही हसला, आणि हसता हसता त्यानं दोन्ही हात लुंगीला पुसले. हातांना काही लागलेलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत वाक्य तीन गल्ल्या फिरलं. दूधवाल्यानं ते मलाच ऐकवलं. जमलं होतं, हे मान्य करावं लागेल.

दुसऱ्या दिवशी दत्तू आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आप्पा म्हणाले, मागावर काम असेल.

मग परवा दुपार कलल्यावर पारू स्वतः आली. उंबऱ्याबाहेरच थांबली, एका पायावर भार टाकून. मी आत खुर्चीत होतो. पेपर वर धरला.

"घ्या वैनी, तुमची वाटी," ती बायकोला म्हणाली. "लई गुण आलता."

"मग राहू दे की अजून. माग चालू झाला काय?"

"न्हाय अजून. पर नगं. माझ्या पायापायी ह्यास्नी कट्ट्यावर बसाय येईना झालंय."

माझ्याकडं तिनं बघितलं नाही. चौकटीला धरून वळली, जरा थांबली, मग गेली.

बायको वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "ते तीर्थाचं कोण म्हणालं हो?"

"कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं असेल," मी पेपरामागून म्हणालो. "आप्पा वगैरे."

"आप्पांना एवढं सुचत न्हाय," ती म्हणाली. "त्याला वाचन लागतंय."

ती आत गेली. वाटी धुतल्याचा आवाज आला. बाहेर येताना एका हातात वाटी, दुसऱ्या हातात तुपाची बरणी. मी सवयीनं पाय पुढे केला.

"उठा," ती म्हणाली.

मी उठलो. माझ्या खुर्चीत ती बसली. वाटी आणि बरणी तिनं खाली फरशीवर ठेवली, स्टूल ओढून घेतलं आणि त्यावर डावा पाय ठेवला. टाच माझ्याकडं. इतक्या वर्षांत मी ती कधी बघितली नव्हती. भेगांत पीठ बसावं तशी पांढरी पडलेली.

भिंतीवरच्या घड्याळाकडं माझी नजर गेली. पाच वाजायला आले होते, आप्पांची पेपर न्यायची वेळ.

मी आधी दाराकडं गेलो आणि कडीला हात घातला.

"दार कशाला लावताय?" मागून ती म्हणाली. "राहू द्या उघडं. उकडायलंय."