सुप्याच्या टायरवाल्याने घेतलेलं माझ्या पायाचं माप

आमच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर तसे भले माणूस, पण त्या दिवशी मला त्यांचा मनस्वी राग आला. "सिस्टर, तुमचे तळवे सपाट आहेत. ही फिरतीची नोकरी तुम्हाला झेपायची नाही. सोमवारी मी तुमच्याबरोबर पाचही वाड्या चालतो. जमलं तर कायम करायची शिफारस करीन, नाही तर तुम्ही घरी गेलेलं बरं," असं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. घरी म्हणजे कुठं? सांगलीकडे, भावाच्या संसारात, वहिनीच्या हाताखाली! त्यापेक्षा पाय तुटले तरी चालतील, असं मी मनात म्हटलं. नेमके तेच तुटत होते.

बाहत्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. पाथर्डी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी नवीन नर्स होते. वाड्यावस्त्या आणि खडी फोडायची कामं, सगळीकडे गरोदर बायांना तपासत पायी फिरायचं. मैलभर चाललं की तळव्यातून कळ निघायची ती थेट गुडघ्यापर्यंत. सोबतीला गावची सुईण सोनाबाई असायची. साठीची, काटक, आणि तोंडाची माझ्यापेक्षा फटकळ.

खडीच्या कामावर मजुरांना खायला सुकडीची पोती घेऊन येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरने वाट दाखवली. तो पूर्वी लंगडायचा, आता नीट चालत होता. त्याने बूट काढून आतली काळी, खोलगट रबरी पट्टी दाखवली. "सुप्याच्या बाबूमिस्त्रीनं केलीय. पंक्चर काढतो, पन पायाचं काम बी करतो." मी त्याच संध्याकाळी बुधवारपासून चार दिवसांची रजा टाकली. सोनाबाई म्हणाली, "एकटी कशी जाशीला? मी येते. मला बी कुठं नगर दिसतंय!"

बुधवारी फाट्यावर एसटी पकडली. करंजी घाटात गाडी इतकी धापा टाकत होती की उतरून धक्का द्यावा लागतोय की काय असं वाटलं. डोंगर उघडेबोडके, विहिरींच्या तळाशी माणसं. सोनाबाई खिडकीशी बसून प्रत्येक गावाला नावं ठेवत होती. नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर उतरून आधी एका औषधाच्या दुकानातून प्लास्टरची भुकटी घेतली. ड्रायव्हरने बजावलंच होतं की मिस्त्रीकडे ती मिळत नाही. मग बाजारातून कॅनव्हासचे बूट. पांढऱ्या पातळाखाली बूट बघून सोनाबाईला हसू आवरेना. "आता निस्ती शिट्टी पायजे, म्हंजे पोलीस झाल्या!" मुक्काम स्टँडजवळच्या धर्मशाळेत केला. ढेकूण होते, पण पाणी मिळालं, आणि त्या साली पाणी मिळालं म्हणजे सगळं मिळालं.

गुरुवारी सकाळी पुण्याकडे जाणाऱ्या गाडीने तासा-दीड तासात सुपा. तेव्हा तिथं कारखाने वगैरे काही नव्हते. रस्ता, चहाची हॉटेलं, थांबलेले ट्रक आणि एका बाभळीखाली टायरांची चळत. तेच बाबूमिस्त्रीचं दुकान. मिस्त्री पन्नाशीचा, नगरला लष्कराच्या गाड्यांवर काम करून आलेला. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोमवारच्या आत? मग बोलत कशाला बसायचं?"

आता ज्यांना हे घरी करून बघायचंय त्यांच्यासाठी कृती सांगते. पत्र्याच्या पसरट डब्यात कुंभाराची माती लोण्यासारखी मळून भरायची. तीत पाऊल उमटवायचं. उमटलेल्या खड्ड्यात पाण्यात कालवलेलं प्लास्टर ओतायचं आणि ते आवळलं की माती काढून टाकायची. हातात आपलंच पांढरं पाऊल येतं, बघून अंगावर काटाच येतो. ते उन्हात खडखडीत वाळवायचं. ओल राहिली तर शेकताना तडकतं. मग त्याच्या तळव्यावर टायरला लावतात त्या कच्च्या रबराच्या पट्ट्या एकावर एक दाबून बसवायच्या, वरून कापडाची पट्टी करकचून गुंडाळायची आणि सगळं कढईतल्या तापल्या वाळूत पुरायचं, शेंगा भाजतात तसं. वास मात्र असा सुटतो की शेजारी भांडायला येतील! नख दाबून बघायचं. खूण राहिली तर कच्चं, उसळून वर आली तर शिजलं. कापताना सुरी पाण्यात बुडवावी, नाही तर रबर सोडत नाही.

माप घेताना मिस्त्रीने मला दोन्ही डब्यांत ताठ उभं केलं. "सगळा भार टाका, बाई. गाडी भरलेली असंल तरच टायरचं खरं कळतं." मी ऐटीत उभी राहिले. दुपारभर रबर शेकलं, उन्हं उतरताना बुटात घालून मी रस्त्याने चालायला लागले. दुसऱ्या हॉटेलापर्यंत गेले आणि तीच कळ, तीच जागा. उलट बूट घट्ट झाल्यामुळे जास्तच. मी मैलाच्या दगडावर बसले आणि लोक बघत असताना ढसाढसा रडले. लाज वाटली नाही. वहिनीचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं येत होतं.

मिस्त्रीचं तोंड एवढंसं झालं. त्याच्या बायकोने आम्हाला ओढूनच घरी नेलं. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी. तसल्या वर्षात पाहुण्याला ताटभर वाढणारी ती बाई! आजही तिची आठवण आली की हात जोडावेसे वाटतात. जेवताना मिस्त्री ते रबर उलटसुलट करत पुटपुटत होता, "ह्याला खोलगा का न्हाई आला? ड्रायव्हरच्याला तर आलता."

सोनाबाईने घास थांबवला. "कसा येईल? बाई हुब्या ऱ्हायल्या की पाय पसरतोय. मी रोज रातच्याला ह्यांच्या पायाला तेल लावते, मला ठावं हाय. मांडीवर घेतला की ह्याच पायाला चांगला खोलगा असतोय."

"मंग सकाळीच का न्हाई बोलली, मावशे?"

"मला कुनी इचारलं? तुमी मिस्त्री, ह्या शिकलेल्या नर्सबाई. आमी आपलं अडानी!"

मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला. "अरे तिच्या! म्हंजे आदी जॅक लावायचा! गाडी उचलल्याबिगर कदी पंक्चर काढलंय का मी?" शिकलेली नर्सबाई खाली मान घालून भाकरी खात राहिली. शरीरशास्त्राचा पेपर पास झालेली मी, आणि हे मला सुचू नये?

शुक्रवारी मी खुर्चीवर बसले, पाय सैल सोडला आणि सोनाबाईने तो दोन्ही हातांत धरून हलकेच मातीत टेकवला, नुकतं जन्मलेलं मूल ठेवावं तसा. या वेळी प्लास्टरच्या पावलाला खोलगा आला. त्यात रबराची छान कमान बसली. मिस्त्रीने कानशीने कडा घासून दिल्या, सामानाचे तेवढे सहा रुपये घेतले आणि बजावलं, "पैल्या दिवशी टोचंल. टोचू द्या." संध्याकाळच्या गाडीने नगर गाठलं, पुन्हा तेच ढेकूण.

आता सुप्याला गेलात तर ते दुकान शोधू नका. तिथं मोठमोठे कारखाने झालेत आणि रस्ता ओळखू येत नाही. मिस्त्री कधीच गेला. ते रबर मी दोन वर्षं वापरलं, मग त्याच प्लास्टरच्या पावलांवरून दुसरं करून घेतलं. आता राहिला आहे तो शनिवार.

शनिवारी सकाळी एसटीने आम्हाला फाट्यावर सोडलं. गाव तिथून चार मैल, सगळा खडीचा चढ. मिस्त्री म्हणाला तसं टोचत होतं. दर पावलाला तळव्याखालून कुणीतरी बोट लावून उचलतंय असं वाटत होतं. मी कळ येण्याची वाट बघत चालले. ओढा गेला, कळ नाही. खडीचं काम मागे पडलं, तरी नाही. मी बोलायचंही विसरले, नुसती चालत राहिले.

"ओ बाई!" मागून हाक आली. वळून बघते तर सोनाबाई पार खाली वळणावर, कमरेवर हात ठेवून उभी. तिला धाप लागली होती. "जरा हळू चाला की! म्हातारीला मारता काय?"

मला! मला कुणीतरी हळू चाल म्हणत होतं. डॉक्टरांची तपासणी सोमवारी व्हायची होती, पण माझा निकाल तिथंच लागला. तिला वर यायला वेळ लागला. मी भर उन्हात, दोन्ही पायांवर उभी राहून तिची वाट बघितली.