मंदूच्या मालिकेचा बघण्याचा कार्यक्रम

घ्या, चहा घ्या. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी जे करून बसले ते ऐकल्यावर तुम्ही मला कुठल्याच शुभकार्यात पुढे करणार नाही. माणूस वैऱ्याचंही इतकं वाटोळं करत नाही, जितकं मी माझ्या लाडक्या भाच्याचं केलं. तेही पोहे खाऊ घालून!

भाचा म्हणजे मंदार. आमचा मंदू. माझी बहीण बालाघाटला, म्हणून शाळेसाठी तो सहावीत आमच्याकडे जबलपूरला, राइट टाउनच्या घरी आला, तो कॉलेज संपेपर्यंत राहिला. मग मुंबईला गेला. आणि तिथं काय करून राहिला? तर हातात माइक घेऊन एकटा स्टेजवर उभा राहतो आणि आमच्याच घरच्या गोष्टी सांगतो! लोक तिकीट काढून येतात हो. मोबाइलवर तर लाखांनी बघतात. ओमतीच्या बाजारात एका दुकानदारानं मला विचारलं, "दीदी, आप वही मौसी हैं क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, वो दूसरी."

त्याच्या गोष्टींत असतं काय? चोरी जाऊ नये म्हणून पुढच्या खोलीत, दिवाणाला लागून उभी केलेली आमची स्कूटर. बातम्या देणाऱ्याला "खोटारड्या!" म्हणून टीव्हीसमोर काठी उगारणारे माझे सासरे. गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीवरून भांडणाऱ्या दोघी जावा, म्हणजे मी आणि नलिनी. आणि सगळ्यांच्या वरच्या पट्टीत ओरडणारी मावशी. असो!

एक दिवस त्याचा फोन आला.

"मावशी, एक चॅनल माझ्या गोष्टींवर मालिका काढायचा विचार करून राहिलं. हसायची, घरगुती. त्यांच्या मॅडम आणि एक लेखक रविवारी आपलं घर बघायला येऊन राहिले."

"विचार काहून? एवढे लाखो लोक बघतात ना तुला?"

"अगं, त्यानं फक्त मीटिंग मिळते. माझ्यासारखे दहा जण रांगेत आहेत. त्यांना बघायचंय की दहा मिनिटांच्या हशामागे पन्नास भाग चालेल असं घर खरंच आहे का. तू काही करू नको, प्लीज. जसे आहात तसे राहा. मेरा एक ही चान्स है, मावशी."

जसे आहात तसे राहा! आता मला सांगा, घर बघायला पाहुणे येणार आणि तुम्ही जसे आहात तसे राहाल? आमच्या घरातल्या तीन मुलींचे बघण्याचे कार्यक्रम मी पार पाडले. तिघी पहिल्याच स्थळी पसंत! "काही करू नका" असं म्हणायची पद्धतच असते. मंदू पोरगं आहे, त्याला काय कळतं?

मी पदर खोचला.

सगळ्यांत आधी स्कूटर. बैठकीत वाहन ठेवणाऱ्यांच्या घरी कोण संबंध जोडेल? ती शेजाऱ्यांकडे गेली. मग मामंजी. त्यांना दीक्षितपुऱ्याला नणंदेकडे पोचवलं. बिचारे विचारत होते, "काहून गं, काय केलं मी?" मी म्हटलं, "काही नाही मामंजी, दिवसभराचा प्रश्न आहे." नलिनीला दम दिला, "उद्या दोरीचं नाव काढायचं नाही. सख्ख्या बहिणींसारख्या बसू." आणि आमच्या ह्यांना दोनच शब्द दिले, "अच्छा" आणि "बिलकुल". तिसरा शब्द काढला तर पोहे बंद!

रविवारी मंदू घरी आला आणि दारातच थबकला.

"मावशी, स्कूटर?"

"हलवली."

"आबा?"

"तेही."

पोरगं पांढरंफटक पडलं. मला वाटलं, घाबरला असेल बिचारा, पहिलीच वेळ. त्याला काही बोलू देण्याआधीच गाडी दारात आली, आणि मी पोह्यांचा ट्रे त्याच्या हातात दिला. हो! लाखो लोक ज्याला बघतात तो माझा भाचा खाली मान घालून पाहुण्यांना पोहे देत होता.

मॅडम साध्या होत्या, जीन्स घालून आलेल्या. सोबतचा लेखक वही उघडून बसला. मॅडमनी हसत विचारलं, "मौसीजी, वो स्कूटर कहाँ है?"

"कौन-सा स्कूटर?" मी.

"और आप दोनों का झगड़ा? रस्सीवाला?"

"झगड़ा! नहीं जी, हमारे घर में तो आवाज़ भी नहीं चढ़ती." नलिनीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी एवढं सांगितलं नव्हतं.

"तो घर में सब शांति है?"

"बिलकुल," हे म्हणाले.

मॅडम मंदूकडे बघायला लागल्या. "मतलब ये सब तुमने बनाया है?"

मंदू काही बोलणार, तेवढ्यात मी! मीच ती! लाडानं म्हटलं, "अजी, ये तो बचपन से ही गप्पें मारता है! पण पोरगा भल्ला गुणी. दारू नाही, सिगारेट नाही, भजन भी गाता है. मंदू, एक भजन म्हण."

लेखकानं वही मिटली. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, बघा.

जाताना मॅडम हात जोडून म्हणाल्या, "अच्छा, हम बताते हैं." झालं! मुलीकडच्यांनी "कळवतो"चा अर्थ काय घ्यायचा, हे मला कोणी सांगायला नको.

मंदू ओट्यावर बसला होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मावशी, आता मॅडमना वाटतंय मी खोटारडा आहे. मनाच्या गोष्टी घरच्या म्हणून खपवणारे असतात ना, त्यातला. गई बात. राहू दे, पोहे चांगले झाले होते."

मला रडू आलं. बाराव्या वर्षी आईला सोडून माझ्या दारी आलेलं पोर. पहिले आठ दिवस उशीत तोंड खुपसून रडायचं, आणि मग एक दिवस माझी नक्कल करून माझ्यासकट सगळं घर हसवलं त्यानं. तेव्हापासून तेच तर करत होता. आणि मी त्याला त्याच्याच घरात खोटं पाडलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो केला आणि मॅडमचं हॉटेल गाठलं. त्या नाश्ता करत होत्या. लेखकही होता. मी बसलेही नाही.

"मैडम, लड़का झूठा नहीं है. झूठी मैं हूँ."

"मतलब?"

मग मी सगळं सांगितलं. स्कूटर शेजाऱ्यांकडे, सासरे दीक्षितपुऱ्यात, नवऱ्याला दोन शब्द, जावेशी एका दिवसाची माया. दोरीचं भांडण कसं सुरू झालं तेही सांगितलं. ते सांगताना नलिनीचा राग आला आणि आवाज चढला. वेटर येऊन म्हणाला, "अम्मा, थोड़ा धीरे." मी त्यालाही झापलं, "बेटा, बीच में मत बोल!"

मॅडमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हसून हसून. लेखक भराभरा लिहीत होता.

"मौसीजी," त्या म्हणाल्या, "मंदार फेमस है, इसलिए मैं जबलपुर तक आ गई. पर उतने से सीरियल नहीं बनता. ससुरजी को छिपाने वाली मौसी से बनता है."

आणि ठरली हो मालिका! मंदूनं मला उचलून गरगर फिरवलं, माझ्या वजनाचा विचार न करता. मामंजी परत आले, स्कूटर परत आली, आणि आल्या दिवशीच मी नि नलिनी दोरीवरून जुंपलो.

आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला. थांबा ना जरा! चित्रीकरण जबलपूरलाच व्हायचं होतं, चेहरे इथलेच हवे होते. मंदू म्हणाला, "मावशीचं काम मावशीच करेल." मी पैठणी नेसून चाचणीला गेले. नलिनी सोबतीला. कॅमेरा सुरू झाला की माझा हात आपोआप पदराकडे जायचा आणि तोंडून साखर टपकायची. सात वेळा केलं. दिग्दर्शक म्हणाला, "आंटी, आप बहुत सभ्य हैं. मौसी थोड़ी झगड़ालू चाहिए."

मागे बसलेली नलिनी खुदकन हसली आणि उठून म्हणाली, "ताई अशा नाही, अशा बोलतात." आणि तिनं मला करून दाखवलं.

माझी भूमिका नलिनीला मिळाली! मंदू दोन दिवस माझ्या समोर यायला घाबरत होता. मीच म्हटलं, "चलो, घरात तर राहिली ना."

आता रोज संध्याकाळी आम्ही सगळे मालिका बघतो. ती बाई पडद्यावर काय ओरडते, काय हातवारे करते, ऐकून कान किटतात. परवा न राहवून मी आमच्या ह्यांना म्हटलं, "खरं सांगा, मी इतकी ओरडते का हो?"

हे टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "छे गं. टीव्हीवर आहे म्हणून तिनं आवाज पुष्कळ कमी ठेवला आहे."