कूलर बंद, आइकनं चालू

तायडे काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस गेला. मे महिन्याची भर दुपार होती, अकोल्याची. मी नुकतीच अमरावतीहून बदली होऊन आले होते आणि नळ किती वाजता येतात एवढंच विचारायला शेजारच्या घरात डोकावले होते. हॉलच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर बंद, पंखासुद्धा बंद, नुसतं गाणं वाजत होतं. आणि आत उघड्या अंगावर ओला पंचा टाकलेला एक साठी उलटलेला माणूस डोळे मिटून मान मागे टाकून पडलेला. अंगावरून घामाच्या धारा वाहत होत्या. मी किंचाळलेच. त्या माणसाने एक डोळा उघडला, ओठांवर बोट ठेवलं आणि डोळा परत मिटून घेतला.

मी धावत बाहेर आले. अंगणात लिंबाखाली बाजेवर एक बाई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन तूर निवडत बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका ताई, जिते हायेत थे. त्यायचं आइकनं चालू हाय."

या मंदाकाकू. काकांच्या पत्नी. त्यांच्याकडूनच मला कळलं की गाणं लागलं की घरातला कूलर बंद होतो, कारण कूलरच्या घरघरीत गाण्यातलं बारीक काम बुडतं. आमच्या वऱ्हाडात मे महिन्यात एकवेळ नवरा गावाला गेला तर बाई निभावून नेते, पण कूलर बंद पडला तर रडायला बसते. तिथे हा गृहस्थ चालता कूलर हाताने बंद करत होता. मी त्या दिवशी घरी येऊन माझ्या कूलरसमोर बसले ते संध्याकाळीच उठले.

काका भूमिअभिलेखमध्ये मोजणीदार होते. अख्खी नोकरी लोकांच्या शेतांच्या हद्दी दाखवण्यात गेली. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन बांधावर उभे असायचे आणि काका मधोमध शांतपणे फीत ताणायचे. "मोजल्याबिगर बोलू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निवृत्त झाल्यावर हीच फीत त्यांनी हॉलमध्ये आणली. स्पीकर भिंतीपासून किती दूर, एकमेकांपासून किती दूर, ऐकणाऱ्याचं डोकं कुठे, सगळं मोजून फरशीवर ऑइलपेंटने खुणा केल्या होत्या. झाडताना काकूंच्या हातून स्पीकर बोटभर सरकला तरी त्यांना कळायचं. "हद्द सरकली," असं म्हणत उठायचे आणि परत जागेवर लावायचे.

या वेडाचं मूळ नांदगाव खंडेश्वरला होतं. लहानपणी चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांच्या वस्तीत झाडावर भोंगा बांधायचे आणि सकाळपासून गाणी लागायची. काका त्या झाडाखालून हलायचे नाहीत. पण त्यांची तेव्हापासूनच तक्रार होती. "भोंग्यातून मानूस वरडते ताई, बोलत नाई. मले थो मानूस बोलताना आइकाचा होता." अमरावतीला नोकरी लागल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते एका मंडपवाल्या मेकॅनिककडून प्लायवूडच्या खोक्यात अ‍ॅम्प्लिफायर बांधून घेण्याचं. मग कंपनीचा तयार स्टीरिओ आला. अकोल्याला बदली झाली तेव्हा सामानाच्या ट्रकमध्ये काकूंची भांडी मागे आणि स्टीरिओ ड्रायव्हरशेजारी, काकांच्या मांडीवर. पुढे तो गेला आणि त्याच्याहून दणकट अ‍ॅम्प आला. मग एकाच्या जागी दोन आले, एक आवाज निवडायला आणि एक त्याला जोर द्यायला.

मी एकदा म्हटलं, "काका, आवाज तर मागच्याचाही काही कमी नव्हता." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आवाज मोठा होनं अलग, मोकळा होनं अलग. बारक्या अ‍ॅम्पात गानारा दम कोंडल्यावानी गाते. मोठा अ‍ॅम्प त्याले अंगन देते." प्रत्येक नवं खोकं आलं की ते काकूंना सांगायचे, "मंदा, हे शेवटचं." आणि काकू आम्हाला सांगायच्या, "यायच्या शेवटच्याले लय भाऊ हायेत."

पण मला खरा धक्का बसला तो सगळ्यात शेवटच्या अ‍ॅम्पने. तो त्यांनी नागपूरच्या कोणा शौकिनाकडून जुना मिळवला होता आणि इतका जड होता की पांढऱ्या चादरीत गुंडाळून चार जणांनी तो सावकाश गल्लीतून आणला. समोरच्या बोंडे आजींनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. त्या अ‍ॅम्पची जातच अशी होती की गाणं वाजो न वाजो, चालू केला की शेगडीसारखा तापायचा. काकूंनी एकदा त्याच्यावर पापड ठेवून पाहिला, तो कडेने वळला. असं यंत्र काश्मीरला शोभलं असतं. ते काकांनी अकोल्यात, मे महिन्यात, बंद हॉलमध्ये लावलं!

आणि एवढ्यावर भागलं नाही. मुलाने पुण्याहून येऊन आईवडिलांसाठी हॉलमध्ये एसी बसवून दिला होता. तो चालू झाला की विजेचा दाब पडतो आणि अ‍ॅम्पचा जीव गुदमरतो, असं काकांच्या लक्षात आलं. एक दिवस मी ऑफिसातून आले तर दोन माणसं एसी उतरवून टेंपोत ठेवत होती. मला वाटलं, दुरुस्तीला चालला. काका म्हणाले, "इकून टाकला." गल्लीतली माणसं गोळा झाली. अकोल्यात लग्न मोडल्याचं कोणी मनावर घेत नाही, पण एसी विकल्याचं ऐकून बोंडे आजी पायरीवरच बसल्या. मी काकूंकडे पाहिलं. त्या टॉवेल भिजवायला आत गेल्या. यापुढे ऐकण्याच्या वेळेला स्वयंपाकघरातला छोटा कूलर आणि फ्रिजही बंद, असा नवा नियम निघाला, कारण एकाच लाइनीवर असल्यामुळे त्यांची घरघर गाण्यात येते म्हणे.

काकांना मात्र स्वर्ग मिळाला होता. मला बोलावून त्यांनी एका मैफलीची जुनी रेकॉर्ड लावली. "गानं नका आइकू. गान्याच्या मांगं आइका." मी कान देऊन बसले. गाणाऱ्याने वहीचं पान उलटलं. कोणी तरी खोकलं. डाव्या बाजूला बांगड्या वाजल्या. खरंच, अंगावर काटा आला. मैफल जिथे झाली तिथेच आपण मांडी घालून बसलोय असं वाटलं. काका लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. "पाहा! थो खोकलनारा मानूस उजव्या हातच्या तिसऱ्या रांगेत बसेल हाय. म्या मोजला!"

पुढच्या मे महिन्यात ते घडलं. मी काकूंना कुरडया घालू लागायला जाणार होते. गेले तोवर त्यांचं गच्चीवरचं काम आटोपलं होतं आणि जिना उतरून त्या स्वयंपाकघरात आल्या असणार. हॉलमधून गाणं ऐकू येत होतं. मी मागच्या दाराने आत गेले तर काकू ओट्याखाली आडव्या पडल्या होत्या. शेजारी चिकाचं पातेलं उपडं. अंगाला हात लावला तर तवा. घाम अजिबात नाही. कूलर बंद, फ्रिज बंद. मी ओरडत हॉलमध्ये गेले. काकांनी डोळे न उघडता हात वर केला, थांबा म्हणून. मी सरळ भिंतीवरचं मेन स्विच पाडलं.

दवाखान्यात काकूंना बर्फात ठेवून सलाइन लावलं. शुद्ध येईपर्यंत काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. काका बाकावर बसले होते, पंचा तसाच खांद्यावर. मी शेजारी बसले.

"म्या आइकलं होतं ताई."

"काय?"

"तिनं 'अवो' म्हटलं, थे आइकलं. दोनदा म्हटलं. पातेलं पडलं थेही आइकलं. रेकॉर्ड नवी होती, पयल्यांदाच लावली होती. मले वाटलं त्याच्यातलंच हाय. मनात म्हटलं, वा, काय बारीक काढून राह्यला अ‍ॅम्प!"

इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नसेल, आणि इतकी दयाही. एखाद्याने बायकोची हाक ऐकली नाही, तर समजतं. यांनी ती ऐकली, स्वच्छ ऐकली, आणि दाद दिली. मला तिथे बसवेना. मी उठून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

काकू वाचल्या. घरी आल्या तेव्हा हॉलमध्ये वायरी काढून ठेवलेल्या होत्या, आणि अ‍ॅम्पवर चादर. काकांनी गाण्याचं नाव सोडलं होतं. जेवताना मान वर करत नव्हते. आठवड्याभरात अंजनगाव सुर्जीचा एक शौकीन व्यापारी गाडी घेऊन सगळं न्यायला आला. मीही तिथेच होते. माणसं अ‍ॅम्पला हात घालणार एवढ्यात काकू भिंतीला धरत आतून आल्या.

"थांबा भाऊ. थे नाई इकाचं."

काका म्हणाले, "मंदा, नको आता थे घरात."

"तुमाले नको असंन. ह्या मशिनीपायी मी इतके वर्सं बाहीर बाजेवर बसली. मले आइकू तर द्या, आत काय हाय थे."

त्या वेळी माझ्या लक्षात आलं आणि मी चरकले. त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ऐकायला खुर्ची एकच होती. माझ्यासारखी पाहुणी आली की काका उठून तीच द्यायचे. आवाज बरोबर जुळतो ती जागा एकाच डोक्यापुरती असते, म्हणून फरशीवर खुणाही एकाच खुर्चीच्या होत्या. काकू जाऊन त्या खुर्चीत बसल्या. "कूलर चालू राहू द्या," म्हणाल्या. काकांनी वायरी जोडल्या, रेकॉर्ड लावली आणि दाराशी जाऊन उभे राहिले. व्यापारीही चप्पल काढून पायरीवर बसला.

एक अख्खी बाजू काकू हलल्या नाहीत. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. रेकॉर्ड संपली, सुई नुसती खरखरत राहिली, तरी त्या समोर बघत होत्या. मग त्यांनी मान वळवली.

"हे असं असते?"

"हो."

"अन् एवढं चांगलं तुमी एकटेच आइकत होते?"

काका तोंडात मारल्यासारखे झाले. "मले वाटलं, तुले आवडत नाई."

"इचारलं होतं कधी?"

सगळं आयुष्य मोजून बोलणाऱ्या माणसाने हे एकच मोजलं नव्हतं. व्यापारी रिकामी गाडी घेऊन अंजनगावला परत गेला.

त्यानंतर काकांनी एकही नवा अ‍ॅम्प आणला नाही. फीत मात्र परत निघाली. पंधरवडाभर हॉलमध्ये रांगत त्यांनी दुसऱ्या खुर्चीची जागा शोधली. मी विचारलं तर म्हणाले, "दोघं बसलो का खरी जागा मधात रिकामी पडते ताई. इकून तिले थोडं कमी, तिकून मले थोडं कमी. असू द्या." विकलेल्या एसीच्या जागी दुसरा आला. दोघं दुपारी त्याच्या घरघरीत शेजारी शेजारी बसायचे आणि काकू मधेच जोरात बोलायच्या, "हा आता खोकलला पाहा!" काका हसायचे. मी जाता-येता खिडकीतून पाहायचे आणि अजूनही मला ते खरं वाटायचं नाही.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. सकाळी चहा पिऊन कप खाली ठेवला आणि संपलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, मुलगा पुण्याला परतला. त्यानंतर मी एका दुपारी काकूंकडे गेले तर त्या रेकॉर्ड लावून आपल्या खुर्चीत बसल्या होत्या, शेजारची रिकामी. मला वाटलं, या बाईला निदान आता तरी पुरतं मिळावं. मी म्हटलं, "काकू, खुर्ची मधे सरकवून घ्या ना. आता तुम्हाला एकदम बरोबर ऐकू येईल."

मी काही तरी अभद्र बोलले असावे, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अन् मंग थे कुठी बसतीन?"