परातीची फोड

हसणार नसाल तर सांगते. हसालच म्हणा, निदान तोंडाला पदर तरी लावा!

भंडाऱ्यात माझ्या सुनेनं, शालूनं, पितळेच्या भांड्यांचं दुकान टाकलं. त्याचं वेब पान कोणी बनवलं? मी! शाळा सातवीत सुटली, पण कोड लिहिणं मी व्हिडिओ पाहून शिकले. त्या पानावर कॅनव्हास असतो, कोऱ्या कागदासारखा. रेघ कुठून कुठवर न्यायची ते आपण लिहायचं, ब्राउझर ती काढून देतो. मी गोल परात काढली. अशी झळकली, की कणीक मळायला बसावं!

शालूच्या माहेरी, आसगावला, लग्न होतं. पहिली मोठी ऑर्डर तिथूनच यायची होती. शालूचा जीव टांगणीला. आणि तिच्या आईचा, म्हणजे आमच्या विहीणबाईंचा, फोन आला.

"काहो विहीणबाई, हे परात आहे का टरबुजाची फोड?"

"तुमचा मोबाईल म्हातारा झाला!"

"मोबाईल म्हातारा, अन् भांडं फुटकं तुमचं? असं कसं जी?"

शालू मला म्हणाली, "आई, कोड पाहू का मी?"

"तू भांडे पाह्य!"

पण मला चैन पडेना. माझ्याकडे अख्खी, त्यांच्याकडे फोड, असं काहून? शेजारणीचा मोबाईल मागितला: अख्खी. ऑटोवाल्याचा जुना मोबाईल हिसकावलाच: फोड! म्हणजे दोष ब्राउझरचा. मी फोन करून सांगून टाकलं, "तुमचा ब्राउझर ठार अडाणी आहे!"

दुसऱ्या दिवशी विहीणबाई मोबाईलसकट एसटीनं हजर. दुकानातच आमची जुंपली. तेवढ्यात शालूनं कोड उघडलाच.

"आई, गोल किती फिरवाचा, तिथं काय लिहिलं तुम्ही?"

"तीनशे साठ! शाळेत तेच शिकवलं."

"इथं अंश नाही चालत, रेडियन लागते, कोन मोजाचं दुसरं माप. पूरा गोल सव्वासहा रेडियनच्या जरासा वरच होते."

म्हणजे परातीला मी पन्नासच्या वर गरगर फेरे मारायला लावले होते! माझा ब्राउझर म्हणाला, जाऊ दे, म्हातारीला पूर्ण गोल हवा असेल. विहीणबाईंच्या ब्राउझरनं मात्र सगळे फेरे इमानदारीनं मोजले आणि शेवटी उरला तेवढाच तुकडा काढला.

ज्यानं चूक झाकली त्याला मी हुशार म्हटलं, ज्यानं दाखवली त्याला अडाणी!

विहीणबाई लेकीकडे पाहून गालात हसल्या.

"परात तर घेतोच जी. पण घरात बी असंच चालू आहे का? तुमची चूक झाकते तो लेक शायना, अन् दाखवते ते माही पोरगी येडी?"

मी उठले आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला. साखर जरा जास्तच टाकली.